टोपोलिनो आणि चिंक्वेचेंतो : दोन जुन्या फियाट गाड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बारा वर्षांपासून तोरिनोत राहतो. आपण शाळेच्या भूगोलात 'ट्यूरिन' वाचलं, तेच हे शहर. माझ्याकडे १९७० ची चिंक्वेचेंतो आहे. आमच्याच इमारतीतल्या एका आजोबांकडे १९५२ ची टोपोलिनो आहे. त्यांचे गुडघे दुखायला लागल्यापासून महिन्यातून एकदा तिला फिरवून आणायचं काम माझ्याकडे आलं आहे. पुण्याहून कामासाठी येणारे सहकारी, सुट्टीला येणारे नातेवाईक, फोनवरचे मित्र, सगळे या दोघींबद्दल साधारण तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो.

नेमक्या कोणत्या दोन गाड्या?

दोघींचंही कागदोपत्री नाव फियाट ५०० आहे, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिली १९३६ च्या जूनमध्ये बाजारात आली. तिला इथे कुणी ५०० म्हणत नाही, टोपोलिनोच म्हणतात. दुसरी ४ जुलै १९५७ ला आली. कंपनीने तिला 'नुओवा ५००' म्हणजे नवी ५०० असं नाव दिलं होतं, पण लोकांच्या तोंडी ती चिंक्वेचेंतो. इटालियनमध्ये चिंक्वेचेंतो म्हणजे पाचशे.

पन्नास वर्षांनी, २००७ मध्ये त्याच तारखेला, त्याच नावाची तिसरी गाडी आली. ती दुसरीसारखी दिसते, पण तिचं इंजिन पुढे आहे आणि पुढचीच चाकं ती ओढतात. ती वेगळीच गाडी आहे, इथे तिच्याबद्दल लिहिलेलं नाही.

टोपोलिनो म्हणजे काय?

छोटा उंदीर. मिकी माऊसचं इटालियन नावही टोपोलिनोच. पुढे निमुळतं नाक आणि दोन्ही बाजूंना कानांसारखे उभे दिवे, त्यामुळे हे नाव तिला चिकटलं. आजोबांची गाडी शेवटच्या, म्हणजे 'सी' मालिकेतली. तिच्यात दिवे मडगार्डमध्येच बसवले आहेत, त्यामुळे तो उंदीर तितकासा दिसत नाही. नाव मात्र तेच राहिलं.

दोन्ही गाड्या एकाच माणसाने केल्या हे खरं का?

खरं आहे, आणि मला या दोघी एकत्र पाहाव्याशा वाटतात त्या त्यामुळेच. दान्ते जाकोसा हे त्यांचं नाव. जन्म १९०५, शिक्षण तोरिनोच्या पॉलिटेक्निकमध्ये. टोपोलिनोचं काम हाती आलं तेव्हा ते तिशीच्याही आतले होते आणि विमानाच्या इंजिनांच्या विभागात होते. चिंक्वेचेंतो आली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. मध्ये एक महायुद्ध होऊन गेलं होतं.

तोच प्रश्न एखाद्याला तरुणपणी सुटतो, आणि वीस वर्षांनी तोच माणूस तोच प्रश्न पाटी कोरी करून पुन्हा सोडवतो, असं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. लोखंड कमीत कमी वापरून साध्या माणसाला चारचाकी कशी द्यायची, हा तो प्रश्न. दोन्ही उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. गाड्या शेजारी उभ्या करून दोन्ही झाकणं उघडली की ते लगेच दिसतं.

उलट म्हणजे कशी?

टोपोलिनो ही मोठी गाडी आहे, फक्त आटवलेली. मोठ्या गाडीत असतं ते सगळं तिच्यात आहे : चार सिलिंडर, पाण्याने गार होणारं इंजिन, वेगळी चासी, मागच्या चाकांपर्यंत जाणारा शाफ्ट, चार गिअर, हायड्रॉलिक ब्रेक. इंजिन ५६९ सीसीचं. एकेका सिलिंडरचा व्यास ५२ मिलिमीटर, म्हणजे पिस्टन मुठीत मावतो. त्या काळी एवढ्या लहान गाडीला दोन सिलिंडर पुरतील असंच बहुतेक कंपन्या म्हणत. जाकोसांनी चार घातले, कारण त्यांना गाडी गाडीसारखी चालायला हवी होती.

पण खरी हुशारी मांडणीत आहे. इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे ढकललेलं आहे आणि रेडिएटर त्याच्या मागे, जरा उंचावर. बोनेट उघडणारा प्रत्येक जण एकदा थबकतो, कारण नेहमी रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असतं. या उलट्या मांडणीने दोन गोष्टी साधल्या. नाक उतरतं झालं, आणि माणसांचे पाय पुढे सरकवता आले, त्यामुळे फक्त ३.२ मीटर लांबीच्या गाडीत सहा फुटी माणूस नीट बसतो. शिवाय पाण्याला पंप नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर रेडिएटरमध्ये चढतं, गार झालं की जड होऊन खाली उतरतं. आजीकडच्या तांब्याच्या बंबात वरचं पाणी आधी तापायचं, तोच न्याय. पेट्रोललाही पंप नाही. टाकी डॅशबोर्डच्या मागे, उंचावर आहे, तिथून पेट्रोल आपल्या वजनानेच कार्बोरेटरमध्ये येतं. जो भागच नाही तो बिघडणार कसा?

चिंक्वेचेंतोत चार सिलिंडरही नाहीत आणि पाणीही नाही. मागच्या झाकणाखाली दोन सिलिंडरचं, हवेने गार होणारं इंजिन आहे, सुरुवातीला ४७९ सीसीचं. ते मागेच असल्याने लांब शाफ्ट गेला. चासीही गेली, कारण पत्र्याची बॉडीच सगळं वजन पेलते. रेडिएटर, पाण्याच्या नळ्या, पाणी, सगळं गेलं. लांबी उरली २.९७ मीटर. इथे मोठी गाडी आटवलेली नाही. स्कूटरपासून सुरुवात करून चार चाकं, छप्पर आणि काच मिळेपर्यंत जेवढं लागेल तेवढंच वाढवलेलं आहे.

मग एकवीस वर्षांत प्रगती काय झाली? शक्ती आणि वेग तर सारखाच!

बरोबर पकडलंत. १९३६ ची टोपोलिनो १३ अश्वशक्तीची आणि वेग ताशी ८५ किलोमीटर. १९५७ ची पहिली चिंक्वेचेंतोसुद्धा १३ अश्वशक्तीची आणि तिचाही वेग ८५. आकडे पाहून वाटतं की मधली वर्षं वाया गेली.

पण तेवढ्याच वेगासाठी लागलेलं सामान पाहा. सिलिंडर निम्मे, लोखंड कमी, कारखान्यातले कामाचे तास कमी, आणि पेट्रोल बरंच कमी. टोपोलिनो एका लिटरला सुमारे १६ किलोमीटर देते, तर चिंक्वेचेंतो नीट चालवली तर वीसच्या पुढे जाते. पहिली गाडी आली तेव्हा इटलीत मोटार ही डॉक्टर-वकिलांची चीज होती. दुसरी आली तेव्हा गिऱ्हाईक बदललेलं होतं. युद्धानंतर व्हेस्पा आणि लँब्रेटा आल्या, आणि नवरा पुढे, बायको मागे, मूल मध्ये असं कुटुंब पावसात भिजत जायला लागलं. हे चित्र आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्या कुटुंबाला स्कूटरवरून उतरवून आत बसवायचं होतं. त्यांना जास्त वेग नको होता, जास्त स्वस्त गाडी हवी होती.

तरी पहिल्या वर्षी चिंक्वेचेंतो खपली नाही म्हणतात?

नाही खपली. काटकसर जरा जास्तच झाली होती. पहिल्या गाडीत दाराच्या काचा खाली जात नव्हत्या, पुढची छोटी त्रिकोणी काच तेवढी उघडायची. मागे सीट म्हणावी असं काही नव्हतं, फळीसारखी बसकण होती. आणि त्याच कंपनीची १९५५ पासून निघालेली फियाट ६०० शेजारीच उभी होती : चार सीट, चार सिलिंडर, आणि किमतीत फरक लाखभर लिऱ्यांच्या (लिरा म्हणजे इटलीचं तेव्हाचं चलन) आसपास. माणूस आयुष्यात एकदा गाडी घेतो, तर थोडे दिवस थांबून ६०० च घेईन म्हणणार ना!

कंपनीला हे काही महिन्यांतच उमगलं. त्याच वर्षी सुधारित गाडी काढली. तिच्यात काचा फिरवून खाली करता येऊ लागल्या, शक्ती १५ अश्वशक्ती झाली. १९६० मध्ये ४९९ सीसीचं इंजिन आलं आणि तिथून मागणी वाढली ती थांबलीच नाही. १९५९ साली जाकोसांना याच गाडीसाठी कोंपासो दोरो मिळाला. इटलीत डिझाईनसाठी यापेक्षा मोठा मान नाही, आणि तो त्यांना मिळाला ते बघून मला फार बरं वाटतं. एवढ्या साध्या वस्तूमागचा विचार कुणीतरी ओळखला.

चिंक्वेचेंतोचं इंजिन मागे का टाकलं, पुढे ठेवून पुढचीच चाकं का नाही चालवली? आज तर सगळ्या लहान गाड्या तशाच असतात.

याची एक हकिगत तोरिनोत प्रत्येक जुना मेकॅनिक सांगतो. टोपोलिनोच्या आधी पुढची चाकं चालवणाऱ्या गाडीचा एक नमुना बनला होता. कंपनीचे मालक सिनेटर जोव्हानी आन्येल्ली स्वतः आत बसले असताना त्या नमुन्याने पेट घेतला. तो बनवणाऱ्या इंजिनिअरची नोकरी गेली आणि फियाटमध्ये फ्रंट व्हील ड्राइव्ह हा शब्दच वर्ज्य झाला. जाकोसांना मात्र ती कल्पना आयुष्यभर सोडवली नाही. १९६४ मध्ये त्यांनी ती फियाटच्या नावाऐवजी ऑटोबियांकीच्या नावाखाली प्रिमुला या गाडीत आणली, आणि १९६९ मध्ये फियाट १२८ मध्ये. आज रस्त्यावरच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिन आडवं आणि गिअरबॉक्स त्याच्या टोकाला असतो. ती मांडणी तिथूनच रूढ झाली.

किती माणसं बसतात?

टोपोलिनो दोघांची. कागदावर दोघांची! सीटमागच्या सामानाच्या जागेत इटालियन कुटुंबांनी पोरं, आजी, बटाट्याची पोती, सगळं कोंबलं. सुरुवातीच्या गाड्यांत मागचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आखूड होते, त्यांना हा भार झेपेना. म्हणून १९३८ पासून पाटे लांब केले. आजही विकणारे 'आखूड पाट्याची' आणि 'लांब पाट्याची' असा फरक सांगतात, आणि आखूड पाट्याची दुर्मिळ म्हणून महाग. युद्धानंतर हिची चार माणसांची लाकडी बॉडीवाली स्टेशन वॅगनही निघाली, जार्दिनिएरा नावाची.

चिंक्वेचेंतोत चौघं बसतात, पण मागचे दोघे लहान हवेत, किंवा प्रवास छोटा हवा. माझे आई-बाबा आले होते तेव्हा आम्ही चौघं सुपेर्गाच्या टेकडीवर गेलो. चढ लागला तसा दुसरा गिअर टाकला, आणि पुढचा अर्धा तास मागून येणाऱ्या सायकलवाल्याशी आमची गाठभेट होत राहिली. बाबांचे गुडघे हनुवटीला टेकले होते, तरी उतरताना म्हणाले, "आता खाली जाताना पण हिच्यातूनच जायचं."

चालवायला कशा आहेत?

टोपोलिनो मऊ आहे. इंजिनाचा आवाज शिवणयंत्रासारखा बारीक आणि सलग. स्टिअरिंगचं चाक मोठं आणि बारीक कडेचं, दोन बोटांत धरावंसं वाटतं. वरच्या दोन गिअरना सिंक्रोमेश (गिअर न खरखरता आपोआप जुळवणारी सोय) आहे, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्यात गावाबाहेरच्या रस्त्याला आरामात जाते. ब्रेक मात्र लवकर, आणि मनाची तयारी ठेवून दाबावे लागतात.

चिंक्वेचेंतो टरटरते. दोन्ही पिस्टन एकदम वर जातात आणि एकदम खाली येतात, म्हणून थरथर स्वाभाविकच आहे. ती बॉडीला पोचू नये म्हणून इंजिनाचं मागचं टोक एका स्प्रिंगवर झुलतं ठेवलंय. झाकण उघडं ठेवून कुणाला तरी गाडी बंद करायला सांगा. सगळं इंजिन एकदा डावी-उजवीकडे हेलकावा घेतं आणि मग थांबतं, ओल्या कुत्र्याने अंग झाडावं तसं. मी हे किती वेळा पाहिलं असेल सांगता येणार नाही.

तिच्या गिअरना सिंक्रोमेश शेवटपर्यंत दिला नाही, म्हणून डबल क्लच मारावा लागतो. जुन्या एसटीच्या ड्रायव्हरला पाहिलं असेल तर लगेच कळेल. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, अॅक्सिलरेटरला हलकीशी टिचकी द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दुसरा टाकायचा. टिचकी नीट बसली तर गिअर लोण्यात सुरी जावी तसा जातो. नाही बसली तर चौकातले सगळे वळून बघतात. मला साधायला तीन आठवडे लागले. आता साधी गाडी चालवतानाही पाय आपोआप दोनदा हलतो.

चिंक्वेचेंतोचं छत कापडी का?

पत्रा वाचतो, वजन वाचतं, आणि बंद पत्र्याच्या डब्यात त्या इंजिनाचा आवाज घुमला असता तो कापडातून बाहेर जातो. पहिल्या गाड्यांत तर कापड थेट मागच्या झाकणापर्यंत जायचं, मागची काचही त्यातच शिवलेली. पुढे ते फक्त डोक्यावर ठेवलं. उन्हाळ्यात उघडलं की वारा मस्त. पावसात मात्र शिवणीवर लक्ष ठेवायचं.

जुन्या चिंक्वेचेंतोचे दरवाजे उलटे का उघडतात?

१९६५ पर्यंत बिजागऱ्या मागे होत्या, त्यामुळे अंगभर स्कर्ट घातलेल्या बाईलाही आत बसणं सोपं जायचं. धोका असा की चालत्या गाडीत दार निसटलं तर वारा ते फाडून उघडतो. १९६५ च्या 'एफ' मालिकेपासून बिजागऱ्या पुढे आल्या. चिंक्वेचेंतोचीही एक स्टेशन वॅगन होती, तिचंही नाव जार्दिनिएराच. त्या लांब भावंडाला मात्र शेवटपर्यंत उलटीच दारं राहिली.

या मालिकांची अक्षरं समजून घ्यायची कशी?

टोपोलिनोच्या तीन : ए (१९३६ ते ४८), बी (१९४८-४९) आणि सी (१९४९ ते ५५). बीमध्ये वाल्व्ह सिलिंडरच्या वर आले आणि शक्ती साडेसोळा अश्वशक्ती झाली. सीमध्ये ॲल्युमिनियमचं हेड, नवीन नाक आणि हीटर मिळाला.

चिंक्वेचेंतोच्या एन, डी, एफ, एल, आर. बाजारात दिसतात त्यातल्या बहुतेक एफ आणि एल. एल म्हणजे लुस्सो, चैनीची. चैन कसली तर बंपरवर जादा नळी, जमिनीवर गालिचा आणि आडवा स्पीडोमीटर. माझी हीच. आर ही शेवटची, ५९४ सीसीची, १९७५ पर्यंत. ऑस्ट्रियात ग्राझला स्टायर-पुख कंपनी हीच बॉडी घेऊन स्वतःचं इंजिन बसवायची, आणि कार्लो अबार्थने १९६३ पासून हिचीच ५९५ काढून शर्यती जिंकल्या. तो वेगळा छंद आहे आणि खिशाला फार महाग आहे.

किती बनल्या आणि कुठे?

टोपोलिनो सगळ्या मिळून पाच लाखांच्या वर. चिंक्वेचेंतो ३८ लाखांहून जास्त. टोपोलिनो लिंगोत्तोच्या कारखान्यात बनली. पाच मजली इमारत : कच्चा माल तळमजल्यावर आत यायचा, गाडी एकेक मजला चढत तयार व्हायची आणि शेवटी गच्चीवर निघायची. गच्चीवर खरोखरचा टेस्ट ट्रॅक आहे, दोन्ही टोकांना वळणं तिरकी उचललेली. गाडी तिथे फिरवून बघायची आणि मग खाली आणायची. १९२३ पासून आहे ती इमारत. आज त्या गच्चीवर बाग केलीय आणि चालायला जाता येतं. तिरक्या वळणावर उभं राहिलं की पाय घसरतात, आणि इथून टोपोलिनो कशा गेल्या असतील हे पायांनाच कळतं.

चिंक्वेचेंतो मुख्यतः तोरिनोतल्याच मिराफियोरी कारखान्यातली. शेवटच्या गाड्या सिसिलीतल्या तेर्मिनी इमेरेसेला बनल्या, आणि १९७५ च्या ऑगस्टमध्ये ते काम थांबलं.

तेव्हा किंमत काय होती?

टोपोलिनो ८,९०० लिऱ्यांना विकायला आली. सरकारला ती ५,००० लिऱ्यांत हवी होती, पण तेवढ्यात ती बसली नाही, आणि कामगाराच्या आवाक्यात ती कधीच आली नाही. युद्धात लिऱ्याची किंमत कोसळली, त्यामुळे चिंक्वेचेंतोची किंमत लाखांत दिसते, पाच लाखांच्या आत. दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. त्यापेक्षा कोण विकत घेत होतं ते पाहा. दुसरी गाडी कामगाराने हप्त्यावर घेतली, आणि ती ज्या कारखान्यात बनायची त्याच्या गेटबाहेर रांगेने उभी राहू लागली.

आपल्या पद्मिनीशी यांचं काही नातं आहे का?

जवळचं आहे. आपल्याकडे घरोघरी 'फियाट' म्हणजे ११००. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली पन्नासच्या दशकातली डुक्कर फियाट, आणि पुढे पद्मिनी. त्या ११०० च्या घराण्याची १९३७ ची मूळ गाडीही जाकोसांचीच आणि १९५३ ची नवी ११०० सुद्धा. म्हणजे टोपोलिनो, चिंक्वेचेंतो आणि मुंबईची काळी-पिवळी या सख्ख्या बहिणी.

मी साताऱ्यात काकांच्या पद्मिनीवर गाडी शिकलो, स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्यावर. पहिल्यांदा टोपोलिनोचं दार लावलं तेव्हा तोच आवाज आला. कुलपाचा आधी एक 'टक्' आणि मागोमाग पत्र्याचा एक छोटा 'ठप्'. मी दार पुन्हा उघडून पुन्हा लावलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा आजोबांना फोनवर फोटो दाखवला. ते म्हणाले, "अरे, ही तर आमची मिलेचेंतो!" मिलेचेंतो म्हणजे अकराशे.

घेताना काय तपासायचं?

गंज, गंज आणि गंज. इंजिनाची चिंता नंतर.

चिंक्वेचेंतोला चासी नाही, पत्राच सगळं पेलतो, त्यामुळे पत्रा कुजला तर गाडीच कुजली. पुढच्या डिक्कीत बॅटरी असते. ती उचलून खालचा पत्रा पाहा, ॲसिडने पहिला तोच जातो. मग गालिचे उचला. दाराखालचे उंबरे स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. ठण्ण आवाज आला तर पत्रा आहे, बद्द आला तर पुट्टी. मी हे केलं नाही. गाडी इतकी लाल आणि चकचकीत होती की भुललो. विकणाऱ्याने 'नवीन फरशी' म्हणून जे दाखवलं होतं, ते जुन्या कुजक्या पत्र्यावर डांबर फासून लपवलेलं होतं. पहिल्या पावसाळ्यात ड्रायव्हरच्या टाचेखाली रस्ता दिसायला लागला. वेल्डिंगला जेवढे गेले तेवढ्यात दुसरी, बरी गाडी आली असती.

टोपोलिनोची वजन पेलणारी चासी वेगळी असल्याने बॉडीचा गंज इतका जीवघेणा नसतो. तिच्यात पाहायचं ते वाल्व्ह, ब्रेकचे सिलिंडर, स्टिअरिंगमधला खेळ आणि रेडिएटरची गळती. सुट्या भागांच्या बाबतीत चिंक्वेचेंतोचं राज्य आहे. आरशापासून अख्ख्या फरशीपर्यंत सगळं नवीन बनून मिळतं. टोपोलिनोचा एखादा भाग शोधायला मात्र जुन्या बाजारात दोन-तीन रविवार जातात.

लाल दिवा लागला तर?

चिंक्वेचेंतोत चार्जिंगचा तांबडा दिवा चालता चालता लागला तर तिथेच बाजूला घ्या, घरी पोचून बघू म्हणू नका. डायनमो आणि गार करणारा पंखा एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला की नुसतं चार्जिंग जात नाही, हवाही जाते, आणि पाणी नसलेलं इंजिन काही मिनिटांत भाजतं. एक जादा पट्टा आणि दोन पाने (स्पॅनर) गाडीत कायम ठेवा.

भारतात ठेवता येईल का?

२०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. मात्र ती रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाईप फुगतात आणि चिरतात, ते आधी बदलून घ्या.

पाहायला कुठे मिळतील?

तोरिनोच्या मोटार संग्रहालयात, आणि लिगुरियातल्या गार्लेंदा गावी. तिथे चिंक्वेचेंतोवाल्यांच्या क्लबने जाकोसांच्या नावाने संग्रहालय केलंय आणि उन्हाळ्यात शेकडो गाड्या जमतात. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाने २०१७ मध्ये १९६८ ची एक एफ आपल्या संग्रहात घेतली. पण खरी मजा इथल्या कुठल्याही जुन्या गल्लीत सकाळी सात वाजता, जेव्हा एखादी भाजी आणायला निघते.

मग तुम्ही कोणती निवडाल?

बघत बसायला टोपोलिनो. मला तिच्या बोनेटखाली प्रत्येक वेळी काहीतरी नवं दिसतं, आणि तिशीही न गाठलेल्या माणसाने एवढी मांडणी डोक्यात धरली कशी याचं नवल कमी होत नाही. घरी ठेवायला चिंक्वेचेंतो. ती रस्त्यात बंद पडली तर आपल्या हाताने सुरू होते, भाग मिळतात, आणि बायको-मुलांना घेऊन आइस्क्रीम खायला जाता येतं. पहिल्यांदा जुनी गाडी घेणाऱ्याला मी एफ किंवा एलच घ्यायला सांगतो.

हिवाळाभर उभी असलेली चिंक्वेचेंतो सुरू कशी करायची?

तेलाची पातळी पाहा, बॅटरी जोडा. किल्ली फिरवा. किल्लीने फक्त दिवे लागतात, इंजिन सुरू होत नाही. दोन सीटांच्या मध्ये, गिअरच्या दांड्यामागे दोन छोटे लिव्हर आहेत, एक चोकचा (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा), एक स्टार्टरचा. चोक पूर्ण ओढा आणि अॅक्सिलरेटरला पाय लावू नका. तो दाबला की चोक निकामी होतो, आणि नवे लोक नेमके तिथेच चुकतात. आता स्टार्टर ओढा आणि सात-आठ सेकंद धरा. सोडा, दहा सेकंद थांबा, पुन्हा ओढा. पेट्रोल मागच्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला एक सिलिंडर खोकेल, मग दुसरा. स्टार्टर लगेच सोडा. मिनिटभराने चोक अर्धा करा, टरटर एकसारखी झाली की पूर्ण बंद. तांबडा दिवा विझलाय ना बघा, हँडब्रेक सोडा आणि पहिला टाका.